डाव्या बाजूचं हँडल

माझ्या ताईबद्दल लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे तिने शिवलेली गाडीची सीट दहा वर्षं उसवत नाही. दुसरी म्हणजे ती स्वभावाने फार शांत आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी ऐकली की माझं डोकं फिरतं. ती शांत नाही, तिला बोलायला जागाच मिळालेली नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि एकतीसच्या एकतीस वर्षं घरातलं, गाडीतलं आणि तळ्याच्या काठावरचं सगळं बोलणं एकाच माणसाने केलं. तो माणूस म्हणजे आमचे भावोजी.

मी ताईची धाकटी बहीण. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे माणसांची कुरकुर ऐकून घ्यायची मला सवय आहे. पण भावोजींची ऐकून घेण्याइतकी नाही. ते मला फटाकडी म्हणतात. म्हणोत बापडे.

भावोजी पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर होते. हात सोन्याचे, जीभ मात्र करवतीची. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी फायबरची बोट घेतली. चौदा फूट लांब, मागे छोटं इंजिन, आणि ती वाहून न्यायला दोन चाकांचा एक लोखंडी ट्रेलर. शहराबाहेर मोठं तळं आहे. सुटीच्या दिवशी ताईच्या सीट शिवायच्या दुकानाच्या व्हॅनला ट्रेलर जोडायचा, तळ्यावर जायचं, आणि काँक्रीटच्या उतारावरून व्हॅन मागे मागे घेत ट्रेलर पाण्यात घालायचा, म्हणजे बोट तरंगून सुटी होते. संध्याकाळी हेच सगळं उलट करून बोट बाहेर काढायची.

यात ताईचं काम ठरलेलं होतं. भावोजी गाडी चालवणार आणि ताई उताराच्या टोकाशी, पोटरीभर पाण्यात उभी राहून हात दाखवणार. ट्रेलर उजवीकडे सरकायला हवा असेल तर उजवा हात, डावीकडे हवा असेल तर डावा. भावोजी आरशात तिचे हात बघायचे आणि खिडकीतून ओरडायचे. ट्रेलर वाकडा गेला की चूक तिची, सरळ गेला की हुशारी त्यांची. मी दोन-चारदा सोबत गेले आणि मग जाणं सोडलं. चारचौघांत बहिणीचा तो पाणउतारा बघून मला तळ्यात उडी मारावीशी वाटायची. आधी भावोजींना ढकलून, मग स्वतः.

मागच्या थंडीत भावोजींना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं. ते आधी येणार हे मी डॉक्टरांना सांगितलंच होतं. पाय फरपटत का होईना, काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र रिकाम्या पिशवीसारखा लोंबत राहिला. व्यायाम शिकवणारी एक बाई आठवड्यातून तीनदा घरी यायची. घाम निघेपर्यंत ती त्यांच्याकडून करून घ्यायची आणि शेवटी विचारायची, आज कसं वाटतंय? उत्तर एकच. "काही फरक नाही." ताईने विचारलं तरी तेच, डॉक्टरांनी विचारलं तरी तेच. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत वाकून बसायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांना नावं ठेवायची, एवढा एकच कार्यक्रम उरला. घराबाहेर पाऊल म्हणून टाकेनात.

बोट घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आणि मग आला चष्मेवाला.

हा भावोजींचा मित्र. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि गेली दहा वर्षं त्याचा या बोटीवर डोळा आहे. आजारी माणसाला भेटायला म्हणून आला, दोन कप चहा प्यायला, बरं होण्याच्या गोष्टी केल्या, आणि जाताना शेडमध्ये शिरून बोटीची लांबी पावलांनी मोजून गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. माणूस अजून धड उभा राहत नाही आणि याचं मोजमाप सुरू. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी बाहेर जाऊन विचारलंसुद्धा, की बोट बसत नसेल तर आधी दुकान रिकामं करणार का? तो हसला. अशी माणसं हसतात, तेच वाईट.

दोन दिवसांनी भावोजींनी जेवताना जाहीर केलं की बोट चष्मेवाल्याला द्यायची. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. ताई त्यांच्या ताटात वाढत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बोट विकायची नाही."

एकतीस वर्षांत मी तिला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. भावोजींनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण घास तोंडाशी नेलेला हात तसाच थांबला. मग ते सावरले. बोट पाण्यात घालणार कोण, असं विचारलं. मी, असं ती म्हणाली. भावोजी हसायला लागले, अर्ध्याच तोंडाने, पण पूर्ण कुचेष्टेने.

"ट्रेलर मागे घेणं म्हणजे उशीची खोळ चढवणं नाही," ते म्हणाले.

वास्तविक ती व्हॅन पंचवीस वर्षं ताईच चालवत होती. फोमचे गठ्ठे, रेक्झिनचे तागे, गिऱ्हाइकांच्या सीटा, सगळं तीच पोहोचवायची. पण मागे ट्रेलर लागला की किल्ली भावोजींच्या खिशात. तर त्यांनी अट घातली. चार महिन्यांनी, हवामान चांगलं असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत तिने बोट पाण्यात घालायची आणि परत बाहेर काढायची. एकटीने. दुसऱ्या कुणी हात लावला तर हरली. हरली तर बोट त्याच दिवशी चष्मेवाल्याच्या घरी.

मी त्या संध्याकाळी ताईला दुकानात गाठलं. म्हटलं, कशाला हा उपद्व्याप? जाऊ दे ती बोट, जिच्या पायी एवढी बोलणी खाल्लीस. ती सीटचं कातडं कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "तळ्याच्या मध्यावर गेलो की ते इंजिन बंद करतात. तासभर एक शब्द बोलत नाहीत. वल्हं माझ्याकडे देतात आणि डोळे मिटून बसतात. तेवढ्याच वेळात ते मला बरे वाटतात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बोट गेली ना, तर हे त्या खुर्चीतून उठायचे नाहीत."

न उठू देत, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं, कसं ते मलाच माहीत.

ताईची कामाची एक रीत आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही. सीट गाडीची नसते, माणसाची असते, असं ती म्हणते. पहिल्याच आठवड्यात तिने भावोजींना खुर्चीची पाठ धरून उभं केलं आणि टेप घेऊन त्यांची मापं घेतली. खांद्यापासून जमिनीपर्यंत, कोपरापासून जमिनीपर्यंत. डाव्या पायाखाली एकेक पुस्तक वाढवत, किती उंच पाय टाकता येतो तेही पाहिलं. भावोजी करवादले की शवपेटी शिवतेस की काय. खुर्चीची गादी नवी करायची आहे, असं तिने सांगितलं, आणि खरोखरच चार दिवसांत नवी गादी करून बसवली. मलाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

मग ती ट्रेलरच्या मागे लागली. दुकान बंद झालं की शेडमध्ये, आणि सुटीचा अख्खा दिवस शेडमध्ये. मी शक्य तेव्हा जायचे, पाना धरायला आणि संताप करायला.

ट्रेलरवर बोट टेकायला रबरी रोलर होते. ते झिजून चपटे झाले होते आणि बोट दरवेळी तिरपी चढायची. भावोजी दरवेळी खांद्याने ढकलून ती सरळ करायचे आणि त्या खांद्याचा अभिमान बाळगायचे. ताईने रोलर काढून टाकले. त्याजागी दोन लांब फळ्या बसवल्या आणि त्यांना गाडीच्या जमिनीवर घालतात तो खरखरीत गालिचा ताणून मढवला. कडा अशा दुमडल्या की एकही पिन वर दिसू नये. बोट आता आपोआप मधोमध बसणार होती. बावीस वर्षांचा खांदा दोन फळ्यांनी रद्द केला.

पुढचं काम पाइपांचं. व्हॅन मागे घेताना रिकामा ट्रेलर दिसतच नाही, तो उतारावर खाली जातो आणि आरशातून गायब होतो. म्हणून तर मागे माणूस उभं करायचं. ताईने नळकामाचे दोन पांढरे पाइप घेतले आणि ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर उभे केले, पुरुषभर उंच. आता ट्रेलर कुठे आहे ते आरशात दोन पांढऱ्या रेघांवरून कळणार. पाइपांवर तिने लाल रेक्झिनची एक एक पट्टी गुंडाळली. पाणी त्या पट्टीला लागलं की बोट तरंगते, तिथे थांबायचं. ही उंची तिने कुठे मोजली म्हणून मी विचारलं. "माझ्या पोटरीवर," ती म्हणाली. "बावीस वर्षं तिथे उभी होते, पाणी कुठवर आलं की बोट सुटते ते मला माहीत नसणार तर कुणाला?"

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. एवढं सगळं जिला दिसत होतं, तिला तो माणूस इतकी वर्षं 'डोळे फुटले का' असं विचारत होता.

बोट वर ओढून घेणाऱ्या रहाटाचा, म्हणजे विंचचा, पट्टा बदलला, दिव्यांच्या वायरी नव्या घातल्या, चाकांची बेअरिंगं उघडून धुऊन ग्रीस भरलं. भावोजी खुर्चीतून सूचना देत होते. खुर्ची त्यांनी आता शेडकडे तोंड असलेल्या मागच्या खिडकीशी हलवून घेतली होती, त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकायची सोय उत्तम होती. पाना उलटा धरलाय, हातोडी हलकी आहे, फळी जाड आहे, पाइप कशाला, फुलं लावणार का त्यांना. ताई हूं की चूं करत नव्हती. मी मात्र एकदा खिडकी बाहेरून लावून घेतली. त्यांनी ती काठीने ढकलून उघडली.

शेवटी तिने ट्रेलरच्या एका बाजूला, चाकाच्या पुढे, दोन पायऱ्या बसवल्या. रुंद, बुटक्या, गालिचा लावलेल्या, लहान मुलानेही चढाव्यात अशा. आणि पायऱ्यांशेजारी उभ्या पाइपचं एक हँडल, चढणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असं, त्यावर काळ्या कातड्याची शिवलेली खोळ. चष्मेवाला त्या दिवशी पुन्हा 'भेटायला' आला होता. त्याने हँडल पाहिलं आणि भावोजींना आत जाऊन सांगितलं. दोघं मिळून हसले. माणूस उजव्या हाताने धरतो, हे हँडल डावीकडे कसलं? भावोजी खिडकीतून म्हणाले, उलटं बसवलंस, काढ ते. मलाही ते उलटंच वाटत होतं, पण त्यांच्यापुढे कबूल कशी करणार? मी म्हटलं, वेल्डिंगवाल्याने घोळ घातला असेल. ताईने मान हलवली. माप बरोबर आहे, एवढंच म्हणाली.

बंद पडलेल्या बेकरीमागे एक मोकळं आवार आहे. तिथे रंगाचे रिकामे डबे मांडून तिने रिकामा ट्रेलर मागे घ्यायचा सराव केला. यातली मेख अशी, की गाडी मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तर ट्रेलर डावीकडे जातो. पहिल्या दिवशी तिने नऊ डबे चेपले. पंधराव्या दिवशी एक. महिन्याने मी डबे मुद्दाम जवळ आणून ठेवले, तरी एकालाही धक्का लागला नाही.

ठरलेला दिवस उजाडला. चष्मेवाला भावोजींना आपल्या गाडीतून घेऊन आला, तेवढी तत्परता त्याने दाखवली. झटक्यानंतर भावोजी दवाखान्याखेरीज प्रथमच कुठे बाहेर पडत होते, पण ताई हरताना बघायची म्हटल्यावर निघाले. तळ्याच्या काठाला एक लांब बाक आहे आणि त्यावर पाच-सहा निवृत्त मंडळी कायमची बसलेली असतात. त्यांना मी पंचमंडळ म्हणते. बाई ट्रेलर आणणार ही बातमी चष्मेवाल्याने पोहोचवलेलीच होती. एकेक जण चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

ताई आली. उताराच्या वरच्या टोकाला तिने व्हॅन थांबवली, उतरली, ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर तळहात टेकवून पाहिला, आणि परत गाडीत जाऊन थर्मासमधला चहा ओतून घेतला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंचमंडळात कुजबुज सुरू झाली. घाबरली, असं एकजण म्हणाला. चष्मेवाला घड्याळ बघायला लागला. मी सरळ बाकासमोर जाऊन सांगितलं, बेअरिंग तापलेलं असतं, तापलेलं तसंच थंड पाण्यात घातलं की ते पाणी आत ओढून घेतं आणि गंजतं, म्हणून ती ते निवायची वाट बघतेय. भावोजींकडे बघत मी पुढे म्हटलं, दरवर्षी बेअरिंग बदलून कारखानदाराला शिव्या देणारे लोक मला माहीत आहेत. आयुष्य पंपावर घालवलेल्या माणसाला हे कळू नये? भावोजी तळ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं, त्याच क्षणी कळलं होतं.

वीस मिनिटांनी ताईने व्हॅन सुरू केली आणि मागे घ्यायला लागली. दोन पांढरे पाइप सरळ उताराच्या मधोमध खाली सरकत होते. अर्ध्या उतारावर ट्रेलर जरासा उजवीकडे झुकला, बोटभर. ती सावरायला लागलीच होती, तेवढ्यात भावोजी बाकावरून उठले, काठी टेकत उताराच्या कडेला, तिच्या नेहमीच्या जागेपाशी जाऊन उभे राहिले, काठी मांडीला टेकवली आणि डाव्या हाताने जोरजोरात उजवीकडे खूण करू लागले.

आणि माझ्या बहिणीने पाइपांकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे पाहिलं.

हात दाखवायचा तर ट्रेलर कुठे जायला हवा ते दाखवायचं, हे ताईचं बावीस वर्षांचं शास्त्र. भावोजींनी जन्मात कधी हात दाखवलेला नव्हता, ते कायम स्टिअरिंगवर. म्हणून त्यांनी स्टिअरिंग कुठे फिरवायचं ते दाखवलं. ते म्हणत होते चाक उजवीकडे घे, ती समजली ट्रेलर उजवीकडे घे. ट्रेलर आणखी उजवीकडे गेला, त्याचं चाक काँक्रीटवरून घसरलं आणि चिखलात रुतलं. दुसऱ्या कुठल्या नवरा-बायकोच्या हातून ही चूक झाली नसती.

चष्मेवाला हात पुढे करून धावला. मदतीला नाही, हात लागला की अट मोडते म्हणून. ताईने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाली, "हात लावू नका." आवाज चढवला नाही, पण तो जागच्या जागी थांबला. तिने व्हॅन पहिल्या गिअरमध्ये टाकली, हळूच पुढे घेतली, आणि चाक चिखलातून वर आलं. चष्मेवाला म्हणाला, झालं की, चुकली, आता काय राहिलं? मला त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून तळ्यात फेकावासा वाटला. पण भावोजीच म्हणाले, "हात कुणी लावलेला नाही अजून." त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सरळ वाक्य मी लिहून ठेवायला हवं होतं.

ताई गाडीतून उतरली. मला तिचाही संताप आला होता. चार महिने मर मर मरून लावलेले पाइप सोडून बघितलं कुणाकडे, तर त्यांच्याकडे. ती चिखलातून चालत भावोजींसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही बाकावर बसा," ती म्हणाली. "पाण्याकडे तोंड करून. मला आज कुणाचे हात बघायचे नाहीत."

भावोजींचे कान लाल झाले. मी मनात त्यांची उत्तरं मोजत होते, कुठलं येतंय बघू म्हणून. ते वळले, पाय ओढत बाकापर्यंत गेले आणि पाण्याकडे तोंड करून बसले.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही, कारण सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. पाइप सरळ खाली गेले, पाणी लाल पट्टीला लागलं, ती थांबली, हूक सोडला, बोट गालिच्यावरून आवाज न करता सरकली आणि तरंगली. तिने दोर खांबाला बांधला, व्हॅन वर नेली, परत आणली, बोट दोन पाइपांमध्ये ओढून घेतली आणि विंच फिरवली. बोट मधोमध येऊन बसली. कुणाच्या खांद्याची गरज पडली नाही. मग पंचमंडळातल्या एकाने पाइप किती इंची आहेत ते विचारलं. दुसऱ्याने गालिचा कुठे मिळतो ते. पुढच्या महिन्याभरात त्या तळ्यावर चार ट्रेलरांना पांढरे पाइप लागले, आणि ही कल्पना कुणाची, असं विचारलं तर चौघंही आपलीच म्हणून सांगतात.

पण त्याहून कहर भावोजींनी केला. पंचमंडळाकडे वळून म्हणाले, "मीच तयार केलंय तिला. बावीस वर्षं माझ्यामागे उभी होती."

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ताईने माझ्या दंडाला धरलं. ती हसत होती. मग ती पुन्हा व्हॅनमध्ये बसली आणि ट्रेलर उताराच्या कोरड्या भागावर, पाण्याच्या जेमतेम अलीकडे, आणून उभा केला. उतरून भावोजींकडे आली आणि म्हणाली, "चला."

भावोजींना कळेना कुठे. तळ्याला दगडी धक्का आहे, त्याच्या पायऱ्या उंच आणि निसरड्या, त्यांच्यावरून बोटीत उतरणं त्यांना आता शक्य नव्हतं. तसं ते बोललेही. ताईने नुसतं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली.

काठी गेल्यावर त्यांचा डावा हात आधार शोधत पुढे झाला आणि सरळ त्या हँडलवर पडला. जिथे असायला हवं तिथेच ते होतं. त्यांचा डावा पाय पहिल्या पायरीवर गेला, तोही सहज, कारण ती पायरी तेव्हाच्या त्या पुस्तकांइतकीच उंच होती. मला खुर्चीची पाठ धरून उभे असलेले भावोजी आठवले, टेप आठवला, पायाखाली वाढत जाणारी पुस्तकं आठवली. मी चार महिने समजत होते की ती ट्रेलर स्वतःसाठी दुरुस्त करतेय. हँडल उलटं नव्हतं. बसणाऱ्याचं माप घेतलेलं होतं.

भावोजी दुसऱ्या पायरीवर चढले आणि बोटीच्या काठाला मांडी टेकवून थांबले. घामाघूम झाले होते. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

बोलले. "हँडल खाली झालंय," ते म्हणाले. "वीतभर वर हवं होतं. एवढं खाली कुणी लावतं का?"

खरं सांगते, हातात पाना असता तर मी फेकून मारला असता. चार महिन्यांच्या घामाला हे बक्षीस! मी ताईकडे पाहिलं. ती चिडली नव्हती. ती त्यांच्या हाताकडे आणि खांद्याकडे बघत होती, शिवलेली सीट गाडीत बसवल्यावर बघते तशी. मग तिने पर्समधून खुणेचा खडू काढला.

"माप घेतलं तेव्हा तुम्ही वाकलेले होतात," ती म्हणाली. "आज सरळ उभे आहात."

भावोजींनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग हँडलकडे. चार महिने रोज, कसं वाटतंय विचारणाऱ्या प्रत्येकाला, ते जे तीन शब्द ऐकवत आले होते, त्यांची मी वाट पाहत राहिले. ते त्यांनी म्हटले नाहीत. ताईने त्यांचा हात उचलून त्याला सोयीचं वाटेल तिथे, हँडलच्याच पाइपवर वीतभर वर धरायला लावला आणि त्याखाली खडूने रेघ ओढली.